किती वाजले, आणि कुणी ऐकले?

२०१९ ची चतुर्थी सोमवारी होती. शनिवारी रात्री दादरहून निघायचं, रविवारी सकाळी सावंतवाडीला उतरायचं, दुपारी माटवी बांधायची, असा बेत होता. तिकीट चार महिने आधी, बुकिंग उघडल्या उघडल्या काढलेलं. गाडी सुटायची वेळ रात्री बारा वाजून पाच मिनिटं. शनिवारी रात्री साडेअकरालाच मी फलाटावर हजर होतो. गाडी लागली, चढलो, तर माझ्या सीटवर एक अख्खं कुटुंब बसलेलं. टीसीनं माझ्या मोबाईलवरचं तिकीट बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची गाडी काल गेली."

तिकिटावर तारीख शनिवारची होती आणि वेळ ००:०५. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून आपण आडवे होतो, त्यानंतरचं ००:०५. मी मनात 'शनिवारी रात्री' म्हटलं होतं, बोटानं 'शनिवार' दाबलं होतं. चूक संपूर्ण माझी. कोकणात जाणाऱ्या अनेकांनी ही चूक एकदा तरी केलेली असते, पण माझी लाज जरा जास्त होती. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि त्या महिन्यात ऑफिसमध्ये टाइमझोनचेच बग सोडवत होतो.

रविवारचा दिवस बसमध्ये गेला. मुंबई-गोवा रस्त्यावर चतुर्थीच्या गर्दीत बस किती वेगानं जाते ते सांगायला नको. त्या बसमध्ये क्लिंगॉन भाषेतलं एक वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. हा लेख त्या एका वाक्याची समीक्षा आहे. एका वाक्याची समीक्षा कुणी करतं का, असं वाटेल. पण कवितेच्या एका ओळीवर पानंच्या पानं लिहितात, तर हे वाक्यही तेवढं सोसू शकेल.

ज्यांनी 'स्टार ट्रेक' बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लिंगॉन ही त्या मालिकेतली कपाळावर वळ्या असलेली लढवय्यी परग्रहवासी जमात. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात त्यांच्या तोंडी काही थोडे शब्द होते. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानं त्यांची भाषा रीतसर तयार केली, १९८५ मध्ये तिचा कोश निघाला. ओक्रँडची पीएचडी कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन नावाच्या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर. ती भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं, जुन्या टिपणांवरून त्यानं व्याकरण मांडलं. म्हणजे ज्यानं बोलणारे गमावलेल्या भाषेवर काम केलं, त्यानंच बोलणारे अजून जन्मलेच नव्हते अशी भाषा केली. आज तिच्यात 'हॅम्लेट'चं भाषांतर आहे, २०१८ पासून मोबाईलवर फुकट कोर्स आहे. मी हॉस्टेलवर असताना तिच्या नादाला लागलो, तो अजून सुटलेलो नाही.

ओक्रँडनं ही भाषा मुद्दाम 'परकी' केली. वाक्यात कर्म आधी, मग क्रियापद, कर्ता शेवटी. पृथ्वीवर हा क्रम फार थोड्या भाषांत सापडतो. क्रियापदाला काळ नाही, क्रिया पूर्ण झाली की नाही एवढंच प्रत्ययानं कळतं. एवढ्या सगळ्या परकेपणाच्या मधोमध घड्याळाची वेळ विचारायचं हे वाक्य येतं:

'आर्लोघ खोय्लुपु?'

(देवनागरीत त्यातले घशातले उच्चार नीट बसत नाहीत, चालवून घ्या.) फोड अशी: 'आर' म्हणजे किती, 'लोघ' म्हणजे वेळा, 'खोय' म्हणजे ऐकणे, 'लु' म्हणजे कर्ता कोण ते ठरलेलं नाही, आणि 'पु' म्हणजे क्रिया पूर्ण झाली. जोडून: 'कुणीतरी किती वेळा ऐकलं?' दोन वाजले असतील तर उत्तर 'चा-लोघ खोय्लुपु', दोन वेळा ऐकलं गेलं. काय ऐकलं, हे वाक्यात नाही. घंटा असेल, थाळी असेल, तोफ असेल.

इंग्रजीतून क्लिंगॉन शिकणाऱ्याला हे वाक्य फार विचित्र वाटतं. मला वाटलं नाही. मला वाटलं, अरेच्चा, हे तर आमचंच.

आपण रोज विचारतो, 'किती वाजले?' म्हणजे काय वाजलं? मोबाईल खिशात गप्प आहे, भिंतीवरचं घड्याळ क्वार्ट्झचं आहे, तरी 'वाजले'. आपण एकटे नाही. हिंदीत बजतात, गुजरातीत वागतात, बंगालीत बाजतात. भारतातल्या कोट्यवधी लोकांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा कुठलीतरी न दिसणारी थाळी वाजत असते.

कुठली थाळी, याचा पुरावा व्याकरणातच आहे. आपण म्हणतो 'एक वाजला'. वाजली नाही, वाजलं नाही, वाजला. घंटा वाजली असती. कुणीच नाव न घेतलेली वस्तू मराठीत बहुधा नपुंसकलिंगी होते, म्हणजे वाजलं असतं. 'वाजला' म्हटल्यावर मागे कुणीतरी पुल्लिंगी बुवा लपलेला असणार. माझे उमेदवार दोन: 'ठोका' आणि 'तास'. तासावर माझी जास्त भिस्त आहे. तास म्हणजे साठ मिनिटं हे आपल्याला ठाऊक असतं, पण तास म्हणजे ठोके द्यायची धातूची थाळीसुद्धा. हा शब्द अरबी-फारसीतून आला, तिकडे त्याचा अर्थ वाडगा, भांडं. वाजवायची वस्तू होती, तिच्यावरून कालावधीला नाव पडलं. शाळेत शिपाईकाका लोखंडाच्या तुकड्यावर टोल द्यायचे आणि आपण म्हणायचो 'मराठीचा तास संपला', तेव्हा दोन्ही अर्थ एकत्र होते.

आता समीक्षेचा खरा मुद्दा. ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण सारखी नाहीत. मराठी आवाज मोजते, क्लिंगॉन ऐकणं मोजते. मराठीत तास वाजला की वाजला, तुम्ही झोपलेले असा नाहीतर शेतात असा. क्लिंगॉनमध्ये कुणाच्या तरी कानावर पडल्याशिवाय वेळ होतच नाही. एका छोट्या 'लु' प्रत्ययात एक अख्खं गाव आहे: मध्ये कुठेतरी वाजतंय, आसपास माणसं आहेत, आणि त्यांतल्या कुणी ना कुणी मोजलेलं आहे. या भाषेतल्या लढाया, शिव्या आणि तलवारींची नावं यांच्यापेक्षा मला हे एक वाक्य मोठं वाटतं. काल्पनिक जग रंगवायला लोक नकाशे काढतात, राजांच्या वंशावळी लिहितात. ओक्रँडनं वेळ विचारायची एक साधी तऱ्हा दिली, आणि त्या लोकांना शेजारपाजार मिळाला.

तुलनेला दुसरी परग्रहभाषा घेऊ. 'अवतार' (२००९) या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी नावी भाषा केली. नावी लोकांच्या हाताला चार-चारच बोटं, म्हणून मोजणी आठांत. त्यांच्या भाषेत बारा म्हणजे 'आठ आणि चार'. आपलं १२:४५ त्यांच्या पद्धतीनं आकड्यांत लिहिलं तर १४:५५ होईल. आमच्या धंद्यातल्या लोकांना ऑक्टलची सवय असते, त्यामुळे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मजा आली. पण मजा तेवढीच. साठ मिनिटांचा तास पृथ्वीवरचा, घड्याळ पृथ्वीवरचं, फक्त आकडे आठांत बदलले. हे गणित झालं, भाषा नाही झाली. त्याच नावीत पहाटेचा शब्द मात्र 'दिवस' आणि 'उमलणे' यांच्यापासून बनलेला आहे, आणि तिथे ती भाषा एकदम जिवंत होते. आपलं 'उजाडलं', 'फटफटलं', 'झुंजूमुंजू झालं' त्याच जातीचं. मी शाळेत वाचलेल्या मराठी विज्ञानकथांतले परग्रहवासी आठवले की वाटतं, त्यांचं विज्ञान चोख होतं, पण ते सरळ 'अर्ध्या तासात पोचतो' म्हणायचे. त्यांच्या ग्रहावर तास कुणी वाजवला, हे कुणी विचारलंच नाही.

आता दोष. 'खोय्लुपु' हे वाक्य सुंदर आहे, पण ते ठोक्यावर उभं आहे. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत माणसं जगतात, आणि तिथे मराठी फार पुढे आहे. 'दोन वाजून पाच मिनिटं', 'दोन वाजायला पाच मिनिटं': ठोका झाल्यावर आणि ठोका व्हायच्या आधी. मिनिट हा विलायती पाहुणा, पण त्याला आपण ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे नीट बसवला. त्याहून खास म्हणजे सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच. 'दीड वाजला' हे वाक्य एकदा नीट ऐका. दीड ठोका कसा वाजेल? तरी वाजतो, आणि 'वाजला' असा एकवचनी पुल्लिंगीच वाजतो.

हे मला कोड लिहिताना कळलं. आमच्या आजीची नजर गेली काही वर्षं अधू झाली आहे. भिंतीवरचं टोले देणारं घड्याळ तिच्याआधी बंद पडलं होतं. त्या चतुर्थीला मी रात्री नऊला घरी पोचलो, माटवी चुलत भावांनी बांधून झालेली, आणि आजी ओटीवर बसून विचारत होती, "झिला, किती वाजले रे?" आल्या आल्या दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारलं तिनं. मग मी तिच्या उशाशी वेळ बोलणारा एक स्पीकर आणून ठेवला. तो म्हणाला, 'दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटे झाली आहेत.' आजी म्हणाली, "मिनिटां नको रे सांगू माका. पावणेतीन म्हण."

तिला अचूकता नको होती असं नाही. तिला तिच्या मापाची अचूकता हवी होती. म्हणून मी छोटा प्रोग्राम लिहायला बसलो: वेळ जवळच्या पावतासाला आणायची आणि आजीच्या मराठीत बोलायची. दहा मिनिटांचं काम वाटलं होतं, दोन संध्याकाळी गेल्या. साडेतीन, साडेचार ठीक. पण साडेएक नाही, दीड. साडेदोन नाही, अडीच. सव्वाएक असं आजी म्हणत नाही, नुसतं 'सव्वा वाजला'. आणि सगळ्यांत भारी, पावणेएक नाही, 'पाऊण वाजला'. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश, ०.७५. म्हणजे या हिशोबात बारा म्हणजे शून्य! पण सव्वाबारा आणि साडेबाराला तर बारा आहेतच. म्हणजे साडेबारा ते पाऊण या पंधरा मिनिटांत आजीचं घड्याळ बारावरून शून्यावर उडी मारतं. असा कोड कुणी ऑफिसात दिला असता तर मी परत पाठवला असता. आजीच्या तोंडी तो बिनचूक चालतो.

आता माझ्या चुकलेल्या गाडीकडे. 'स्थानिक वेळ' हा शब्द आपण सहज वापरतो, पण स्थानिक म्हणजे कुठली? भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, १ जानेवारी १९०६ पासून. सावंतवाडी साधारण ७३.८ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्याच्या हिशोबानं सावंतवाडी प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटं मागे. आमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा पस्तीसला. मुंबईनं तर स्वतःची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत जपली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. गंमत अशी की मंगळावरचा दिवस आपल्या दिवसापेक्षा ३९ मिनिटांनीच मोठा असतो, आणि मंगळावरच्या गाड्या चालवणारे पृथ्वीवरचे इंजिनियर त्या लांबलेल्या दिवसासाठी वेगळे शब्द वापरतात. मुंबईकरांना वेगळे शब्द लागले नाहीत. त्यांनी दोन घड्याळं ठेवली: एक घरचं, एक रेल्वेचं.

ओक्रँडनंही क्लिंगॉनना दोन घड्याळं दिली, आणि इथे तो पुन्हा दाद घेऊन जातो. घरी 'किती वेळा ऐकलं'. पण दुसऱ्या ग्रहांशी व्यवहार करायचा असेल तर क्लिंगॉन चोवीस तासांची पद्धत वापरतात, 'चौदाशे तास' अशा धर्तीची, आपल्या लष्करासारखी. एक कानाची भाषा, एक कराराची. मराठी घरातही अगदी हेच आहे: ओटीवर पावणेतीन, तिकिटावर १४:४५. दोन्ही खरी, दोन्ही लागतात. जुन्या पद्धतीला परत जा असं मी म्हणत नाही. गाडी पावतासाच्या हिशोबानं चालवली तर सिंगल ट्रॅकवर काय होईल ते कोकण रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

माझा घोळ झाला तो या दोन घड्याळांच्या सांध्यावर. कानाच्या मराठीत रात्र आदल्या दिवसाची असते. 'शनिवारी रात्री बारा-साडेबारापर्यंत गप्पा मारल्या' यात रविवार कुठेच नाही, रविवार उजाडतो. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयाला बदलतो. कराराच्या घड्याळात मात्र दिवस मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना बदलतो. मी पहिल्या भाषेत विचार केला आणि दुसऱ्या भाषेत तिकीट काढलं. क्लिंगॉननं मला इथे वाचवलं असतं का? नाही. 'बारा वेळा ऐकलं' हे कुठल्या दिवसाचं, ते तीही सांगत नाही. दिवस मोजायला तिच्याकडे चांगली सोय आहे: 'चा-हू' म्हणजे दोन दिवसांपूर्वी, 'चा-लेस' म्हणजे दोन दिवसांनी. आपल्या 'परवा'सारखा दोन्हीकडे तोंड असलेला शब्द तिथे नाही. पण मध्यरात्रीचा सांधा उघडाच. एवढी काळजी घेऊन केलेल्या भाषेत हा कोपरा राहिला, कारण तो कुठल्याच भाषेच्या आतला नाही, दोन भाषांच्या मधला आहे.

मग वेळ सांगण्याच्या तऱ्हेला चांगलं-वाईट कशावरून म्हणायचं? पूर्वी मी म्हटलं असतं, अचूकतेवरून. आता माझा निकष वेगळा आहे: ते वाक्य कुणाच्या कानासाठी आहे हे कळतं का? 'दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटे' हे गाडी पकडणाऱ्यासाठी आहे. 'पावणेतीन' हे तीनला चहा टाकायचा असेल त्याच्यासाठी. 'तिनसांजा झाल्या' हे दिवा लावणाऱ्यासाठी. वाईट वाक्य तेच, जे सगळ्यांना एकच माप लावतं आणि मग समोरचा पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

माझ्या बरोबरीचे मित्र आता सर्रास 'टू फोर्टी फाइव्ह' म्हणतात. त्याचं मला रडू येत नाही, ती कराराची भाषा आहे आणि ऑफिसात करारच असतात. पण ज्यांना अडीच आणि पाऊण कळत नाही, अशी भावंडं आमच्याच घरात आहेत. आजी त्यांना वेळ विचारते, ते मोबाईल बघून खरी वेळ सांगतात, आणि तिला ती मिळत नाही. एवढंच यात पणाला लागलं आहे, पण एका घराच्या दुपारीसाठी ते पुरेसं आहे.

प्रोग्रामला मी शेवटी आणखी एक गोष्ट जोडली: दर तासाला तितके ठोके. आवाज जुन्या घड्याळासारखा खोल ठेवला. पहिल्या संध्याकाळी मी कामातून उठून विचारलं, "आजी, किती वाजले?" ती म्हणाली, "मगाशी चार आयकलंय मी." तिला क्लिंगॉन माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला. उठली आणि विचारलं. मी म्हटलं, "तीन वाजून गेले."

"माका काय आयकाक नाय इला."

"मी ऐकले ना, आजी."

"मगे झाले," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला सांगितलं.